राजेसाहेब जाताना कुणी बघायचं नाही

भोंगाकाकूंना लोक भोंगा म्हणायचे ते आवाजामुळे, असा त्यांचा स्वतःचा समज होता. आवाज होताच. तळमजल्यावरून त्यांनी नुसतं "अहो" म्हटलं की वरच्या मजल्यांवरचे दोन-तीन नवरे "आलो, आलो" म्हणून उठायचे. पण खरं कारण वेगळं होतं. बिल्डिंगमध्ये कुणाच्याही घरात काही खुट्ट झालं की ते काकूंच्या कानावर पडायचं, आणि काकूंच्या कानावर पडलेलं दिवस मावळायच्या आत गच्चीपर्यंत पोचायचं. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाचं मोडलं, कुणाच्या सासूने फ्रिजला कुलूप घातलं, कुणाचा जावई नोकरी गेल्यावरही रोज डबा घेऊन निघतो आणि बागेत बसून येतो. यात काकूंचा हेतू वाईट नसायचा. शिंक जशी थांबवता येत नाही तशी त्यांना बातमी थांबवता यायची नाही, इतकंच.

त्यांचं काम शिवणाचं. तळमजल्यावर दोन खोल्या, पुढच्या खोलीत खिडकीला लावून मशीन, आणि खिडकी थेट जिन्यासमोर. पडदे, अभ्रे, गाद्यांच्या खोळी, कुणाची पॅन्ट आत घ्यायची, कुणाची बाहेर सोडायची. गंमत अशी, की मशीनवर आलेल्या गोष्टीबद्दल काकू कधी अवाक्षर काढायच्या नाहीत. कुणाची कंबर किती वाढली, कुणाच्या कोटाच्या खिशात काय निघालं, कुणाच्या चादरीला कसला डाग होता, विचारून बघा, तोंडात टाचण्या धरून नुसतं "अंहं" म्हणायच्या. नवऱ्याने एकदा या दुटप्पीपणाबद्दल छेडलं तेव्हा म्हणाल्या, "ते लोकांनी विश्वासाने माझ्या हातात दिलेलं असतं. बाकीचं मी स्वतःच्या कष्टाने मिळवलंय."

नवरा म्हणजे ड्रायव्हरकाका. आयुष्यभर बस चालवली. 'चालकाशी बोलू नये' या पाटीखाली इतकी वर्षं बसल्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांच्याशी फारसं कुणी बोलायचं नाही आणि त्यांनाही त्याचं काही वाटायचं नाही. सकाळी पेपर, दुपारी पेपरखाली झोप, संध्याकाळी चहाच्या टपरीवर जुन्या दोस्तांबरोबर टायर आणि गिअरबॉक्स यांवर चर्चा. संसार असा चालला होता, की बोलण्याचं खातं काकूंकडे आणि ऐकण्याचं त्यांच्याकडे.

तिसऱ्या मजल्यावर राजेसाहेब राहायचे. राजे वगैरे काही नव्हते. एका फिरत्या नाटक कंपनीत त्यांनी जन्मभर राजांच्या भूमिका केल्या होत्या. चांगले राजे, दुष्ट राजे, वेडे झालेले राजे, मुलांनी हाकललेले राजे. कंपनी बंद पडली, मुकुट भाड्याने आणलेले होते ते परत गेले, पण चाल काही गेली नाही. कोपऱ्यावर बटाटे आणायला निघाले तरी मागे दोन माणसं झगा उचलून येताहेत अशा बेताने चालायचे. जिना उतरताना प्रत्येक वळणावर क्षणभर थांबायचे, टाळ्यांसाठी. टाळ्या कुणी वाजवत नसे, पण सवयीला कोण काय करणार.

तर या राजेसाहेबांचं एक ऑपरेशन झालं. त्या वयात पुरुषांचं होतं ते, प्रोस्टेटचं. महिनाभराने ते काकूंच्या दारात उभे राहिले. ड्रायव्हरकाका टपरीवर गेलेत याची आधी खिडकीतून खात्री करून घेतली होती.

"बाई," ते म्हणाले, "एका योद्ध्याला चिलखत हवं आहे."

"नाटकासाठी?"

"नाही. रोजच्यासाठी."

"कुठे घालायचं?"

राजेसाहेबांनी छताकडे पाहिलं. भल्याभल्या दरबारांना गप्प बसवणारा तो आवाज एकदम दबक्या पावलांनी आला. "खाली," ते म्हणाले.

काकूंच्या लक्षात आलं. टेप गळ्यात होतीच. "उभे राहा सरळ," एवढंच म्हणाल्या. दुकानात तसल्या तयार चड्ड्या मिळतात, पण त्या चालताना वाजतात आणि राजाने वाजून चालणार नाही, असं राजेसाहेबांचं म्हणणं पडलं. शिवाय दुकानदार ओळखीचा. काकूंनी आत रबरी कापड, वर मऊ फ्लॅनेल, मध्ये जाड घडी, असं काहीतरी छान जमवलं. अडचण एकच. घरात मऊ फ्लॅनेल होतं ते दुसऱ्या मजल्यावरच्या बाळाच्या खोलीचे पडदे शिवून उरलेलं. त्याच्यावर पिवळी बदकं होती.

"आत कोण बघणार आहे?" काकू म्हणाल्या.

"कुणी नाही," राजेसाहेब फार उदासपणे म्हणाले, आणि बदकं कागदात गुंडाळून घेऊन गेले.

ही गोष्ट काकूंनी नवऱ्यालाही सांगितली नाही.

राजेसाहेबांचं घर भाड्याचं होतं. मालक त्यांच्या नाटकांचा वेडा भक्त, त्याने मोठ्या प्रेमाने राहायला दिलेलं. तो वारला आणि घर त्याच्या पुतण्याकडे गेलं. पुतण्याने जन्मात नाटक पाहिलेलं नव्हतं आणि त्याला ते घर विकायचं होतं. करार संपला होता, कागदोपत्री त्याचं बरोबरच होतं. भाडं एकदाही थकलेलं नव्हतं, तक्रार कसलीच नव्हती, फक्त माणूस आत होता आणि तो बाहेर हवा होता. पुतण्या दूर राहायचा, म्हणून त्याने हे काम एका दलालाला दिलं. हा दलाल पावसापाण्यात, अंधाऱ्या जिन्यातसुद्धा गॉगल डोक्यावर चढवून फिरायचा, त्यामुळे त्याचं बारसं पहिल्याच दिवशी झालं.

गॉगलने आल्या आल्या काय केलं, तर घर खाली करायची नोटीस राजेसाहेबांच्या हातात न देता बिल्डिंगच्या फाटकावर चिकटवली. दूधवाल्यापासून सगळ्यांनी वाचली. राजेसाहेबांनी सगळ्यांत शेवटी वाचली, चष्मा विसरल्यामुळे शेजारच्या शाळकरी मुलीकडून मोठ्याने वाचून घेऊन. दुसऱ्या दिवशी त्या नोटिशीवर बरोबर तेवढ्याच मापाचा कागद डकवलेला दिसला : 'पडदे शिवून मिळतील. तळमजला.' काकूंना विचारलं तर म्हणाल्या, जाहिरातीला जागा चांगली होती.

मग गॉगल गिऱ्हाइकं आणायला लागला. त्याच्याकडे मालकाची दुसरी किल्ली होती. बेल वाजवणं वगैरे त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. एकदा राजेसाहेब आंघोळ करत असताना एक नवपरिणीत जोडपं नळाचा दाब बघायला थेट न्हाणीघरात शिरलं. राजेसाहेबांनी साबणाच्या फेसात उभं राहून त्यांना असा काही कडक हुकूम सोडला, की नवरी म्हणे जिन्यात रडली. तरी गॉगल सुधारला नाही. राजेसाहेब तपासणीसाठी डॉक्टरकडे गेलेले असताना तो पुन्हा आत आला आणि फोन समोर धरून घरभर हिंडून त्याने चित्रण केलं. ही बैठकीची खोली, ही झोपायची, हे मोकळं हवेशीर स्वयंपाकघर, आणि ही मागची बाल्कनी, बघा काय ऊन येतं. बाल्कनीत दोरीवर ओळीने बदकं वाळत होती. झोपायच्या खोलीत उशाशी औषधं, त्यांच्यावर नावं. हे सगळं त्याने गिऱ्हाइकांना पाठवलं, आणि अंगठा घसरला म्हणा की अक्कल घसरली म्हणा, बिल्डिंगच्या ग्रुपवरही टाकलं.

दिवसभर ग्रुपवर हसून रडणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. एकाने 'क्वॅक' लिहिलं. त्याखाली बाकीच्यांनी 'क्वॅक' लिहिलं. शिकली-सवरलेली माणसं.

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरची बँकवाली फोन घेऊन काकूंच्या दारात. तिच्यामागे आणखी चौघीजणी, सहज आल्यासारख्या.

"काकू," ती म्हणाली, "ही बदकं माझ्या ओळखीची वाटतात हो. आमच्या बाळाच्या पडद्यांवरची. म्हणजे शिवल्यात तुम्हीच. कुणासाठी? राजेसाहेबांसाठी ना? काय झालंय त्यांना?"

सगळ्या वाट बघत होत्या. काकूंच्या आयुष्यात असा क्षण पूर्वी आला नव्हता : बातमी पक्की, ऐकणाऱ्या समोर, आणि जीभ टाळ्याला चिकटलेली. राजेसाहेब त्याच वेळी जिन्याच्या वळणावर येऊन थांबले होते, हे काकूंना खिडकीतून दिसत होतं. कठडा धरून ते तिथेच उभे राहिले होते.

"राजेसाहेबांच्या कशाला?" काकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या आहेत."

खाटेवर ड्रायव्हरकाका पेपर वाचत होते.

"आमच्याकडे ऊन कुठे येतंय? राजेसाहेबांना विचारून त्यांच्या बाल्कनीत वाळत घालते. माणूस भला, नाही म्हणाला नाही. आणि ती औषधं म्हणाल तर म्हातारपणी गोळ्या सगळ्यांच्याच उशाशी असतात, तुमच्या सासऱ्यांच्या नसतात का?"

पाचही बायकांनी पेपरकडे पाहिलं. पेपर हळूहळू खाली आला. ड्रायव्हरकाकांनी बायकोकडे पाहिलं, बराच वेळ. वळणावर समोरून ट्रक यावा आणि बाजूला दरी असावी, तेव्हा ते तसं बघत असतील. मग पेपर पुन्हा वर गेला.

"हो," पेपरमागून आवाज आला.

त्यानंतर ड्रायव्हरकाकांचे जे हाल झाले ते विचारू नका. टपरीवर ते पोचले की दोस्त प्लॅस्टिकची खुर्ची काढून घेऊन लोखंडी द्यायचे, पुसायला सोपी म्हणून. चौथ्या मजल्यावरच्या व्यायामवाल्याने त्यांना जिन्यात गाठून कुठले स्नायू कसे आवळून धरायचे याचं प्रात्यक्षिक करून दाखवलं. कुणीतरी दयाळू माणसाने दाराशी तयार चड्ड्यांचं पाकीट ठेवून बेल वाजवून पळ काढला. पोरंटोरं "क्वॅक" करायची ते वेगळंच. काका कुणाला काही म्हणाले नाहीत. घरी मात्र एकदा म्हणाले, "कुणाच्या आहेत, ते मला तरी सांगशील का?"

"मशीनवर आलेलं काम आहे ते," काकू म्हणाल्या.

"बरं. आणि मी कुणाच्या मशीनवर आलो होतो?"

काकूंनी सुईत दोरा ओवायला घेतला. पण काका काही बुद्दू नव्हते, बाल्कनी कुणाची ते त्यांना कळत होतं. आणि दोन दिवसांनी राजेसाहेबच खाली आले, सदरा कडक इस्त्रीचा, मान ताठ.

"ड्रायव्हरसाहेब, मी उद्या फाटकात उभा राहून सत्य जाहीर करणार आहे. माझ्या पापाचा भार दुसऱ्याने..."

"गप्प बसा हो," काकू म्हणाल्या. "इतक्या मेहनतीने खोटं बोललेय मी."

"ड्रायव्हरसाहेब, इतिहास तुम्हाला..."

"इतिहास राहू द्या," काका म्हणाले. "बुद्धिबळ येतं का?"

येत होतं. तेव्हापासून दोघं रोज खेळायला बसू लागले. राजेसाहेब आपला राजा फार जपायचे आणि म्हणून सारखे हरायचे.

प्रकरण कोर्टात गेलं. नुसता करार संपलाय म्हटलं की मुदती मागतात, तारखा पडतात, म्हणून गॉगलने आणि पुतण्याच्या वकिलाने वेगळी शक्कल काढली : म्हाताऱ्याला आजार आहे, त्याचा स्वतःवर ताबा नाही, घर घाण होतंय, ताबडतोब बाहेर काढा. पुराव्याला चित्रण. आणि साक्षीला काकू. गॉगल वकिलाला म्हणाला होता, "बाई म्हणजे खाण आहे, साहेब. फक्त सुरू करून द्यायची."

त्याप्रमाणे वकिलाने सुरू करून दिली. न्यायाधीशबाईंना सर्दी झालेली होती, त्या नाकाला रुमाल लावून बसल्या होत्या.

"तुम्ही या भाडेकरूंच्या घरी जाता?"

"जाते की. तिसऱ्या मजल्यावर. आता जिन्यात दुसऱ्या मजल्यावर दिवा नाही, तो का नाही माहितीय का? तो बदलायचा कुणी, यावरून बँकवाली आणि समोरचे बोलत नाहीत. समोरचे म्हणजे ते, त्यांच्या भावाने दुसरं लग्न..."

"घराची अवस्था कशी असते?"

"समोरच्यांच्या? अहो, शोभा आहे. भांडी तीन-तीन दिवस..."

"राजेसाहेबांच्या घराची!"

"तिथे काय, माणूस एकटा, पसारा करणार कोण? पसारा बघायचा तर पहिल्या मजल्यावर चला. आणि हे गॉगलवाले साहेब, ह्यांनी परवा माझ्या खिडकीखाली उभं राहून त्या नवीन जोडप्याला 'घर तुमचंच समजा' असं सांगितलं, आणि ते वळतात न वळतात तोच फोनवर दुसऱ्याला सांगितलं, 'घर तुमचंच समजा'. मी मशीन थांबवून ऐकलं."

वकिलाने गॉगलकडे पाहिलं. गॉगलने डोक्यावरचा गॉगल डोळ्यांवर घेतला. टंकलेखकाने केव्हाच लिहिणं सोडून दिलं होतं आणि तो हनुवटीला हात लावून ऐकत होता. शेवटी वकिलाचा संयम सुटला. त्याने छापून आणलेला मोठा फोटो उंच धरला.

"हे कपडे ओळखता का? कुणाचे आहेत? शपथेवर सांगा."

कोर्टात पिवळी बदकं फडकली. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. काकूंनी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. बिल्डिंगमध्ये खोटं बोलणं वेगळं, इथे शपथ घेतलेली. राजेसाहेब जागेवरून उठायला लागले. त्यांच्या शेजारी बसलेल्या ड्रायव्हरकाकांनी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली ओढलं आणि स्वतः उठायला लागले.

"दोघेही बसा," न्यायाधीशबाई म्हणाल्या आणि शिंकल्या. "वकीलसाहेब, तुमच्या अशिलाला घर हवंय की चड्ड्या?"

"बाईसाहेब, मुद्दा असा आहे..."

"हे चित्रण घेतलं कुणी? राहणारा माणूस घरात होता? नव्हता. त्याला विचारलं होतं? नाही. घर मालकाचं असेल, पण दोरीवरचे कपडे आणि उशाशेजारच्या गोळ्या मालकाच्या नाहीत. उद्या माझ्या घरात शिरून माझी दोरी दाखवाल." पुन्हा शिंक. "आधी तो फोटो खाली घ्या. हात दुखेल."

त्यांनी सांगितलं ते असं : चित्रण जिथे जिथे टाकलंय तिथून काढायचं. पुढे कुणाला घर दाखवायचं तर आदल्या दिवशी विचारायचं आणि राहणारा हो म्हणेल त्या वेळी यायचं. दुसरी किल्ली कोर्टात जमा. कागद फाटकावर नाही, पाकिटात घालून माणसाच्या हातात. निकालात कुणाच्या तब्येतीचा एक शब्द येणार नाही. पण करार संपलाय हे खरं, तेव्हा घर सोडावं लागेल. राजेसाहेबांनी कधी ते सांगावं.

राजेसाहेब उठले. त्यांना इतक्या दिवसांनी सभागृह मिळालं होतं, सगळ्यांना वाटलं आता भाषण होणार. ते एवढंच म्हणाले, "उन्हाळा संपला की जातो."

जायला जागा होती. कंपनीतला जुना प्रॉम्प्टर, ज्याने जन्मभर विंगेतून त्यांना विसरलेली वाक्यं पुरवली, त्याने सोबतीला बोलावलं होतं. गाव लांब होतं, घर लहान होतं, पण जिन्यावर नजर ठेवून बसणारं तिथे कुणी नव्हतं. निघायच्या आठवड्यात राजेसाहेब काकूंकडे आले.

"बाई, जन्मभर मी लोकांना म्हणत आलो, माझ्याकडे बघा. आता एकच मागणं आहे. मी जाताना कुणी बघायचं नाही. ती गादी, ते रबरी कापड, तो न्हाणीघरातला आधाराचा स्टूल जिन्यावरून खाली येईल, आणि प्रत्येक दार किलकिलं होऊन... मला ते सहन होणार नाही."

अडचण खरी होती. बिल्डिंगमधला माणूस खिडकी सोडायचा तो फक्त जेवायला. काकूंनी दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "बघते."

टेम्पो रविवारी सकाळी पुढच्या फाटकाशी लागणार होता. काकूंचा बेत साधा होता : त्याच वेळी मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीपाशी त्या आणि काका भांडणार. इतकं जोरात, की झाडून सगळी बिल्डिंग मागच्या खिडक्यांना येईल. विषय करपलेला शर्ट. काकांचं वाक्य एकच : "गप्प बस." सामान भरून टेम्पोने निघताना हॉर्न दिला की भांडण संपलं.

रविवारी काकूंनी टाकीपाशी उभं राहून पहिला सूर लावला आणि मागच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या पटापट उघडल्या. शर्टावरून त्या काकांच्या आईवर गेल्या, आईवरून लग्नातल्या बँडवाल्यावर. काका ठरल्याप्रमाणे "गप्प बस" म्हणत होते, पण कंटाळलेल्या सुरात. पुढच्या बाजूने काही हॉर्न वाजेना. वरच्या मजल्यावरची एक बाई हळूच खिडकीतून मागे सरकताना काकूंना दिसली.

"भांडताय की भाजी आणायची यादी करताय?" काकू दबक्या आवाजात म्हणाल्या. "जोर लावा!"

आणि काकांनी लावला. कुठून आला कोण जाणे.

"जोर लावू? लावतो! अख्ख्या बिल्डिंगमध्ये मला चड्डीवाला करून ठेवलंस, मला विचारलंस? एका शब्दाने विचारलंस? दुसऱ्याची अब्रू झाकायला माझी घेतलीस, पांघरूण ओढावं तशी! मी काय कापडाचा तुकडा आहे?"

हे शर्टाच्या भांडणात नव्हतं.

"आणि सगळ्यांच्या घरचं सांगतेस ना? आपल्या घरचं सांग की! दर रविवारी खिडकीत उभी राहून 'हो रे बाळा, जेवलास का बाळा' करतेस, त्या फोनवर कोण असतं ते सांग. कुणी नसतं! त्याचं घर मोडलं तेव्हा त्याने तुला एकटीला सांगितलं, आणि संध्याकाळी टपरीवरचा चहावाला मला विचारत होता. तेव्हापासून पोरगं बोलत नाही आपल्याशी. आपल्याशी! मी तर काहीच बोललो नव्हतो!"

खिडक्यांमधून श्वास ऐकू येईनासा झाला. पहिल्या मजल्यावर कढईतलं काहीतरी जळत होतं आणि कुणी हलत नव्हतं. काकांच्या स्वतःच्याच लक्षात आलं आपण काय बोललो ते. ते थांबले, तोंड पुसलं, आणि घराकडे वळले. हॉर्न अजून वाजला नव्हता. पुढे जिन्यात राजेसाहेबांचं कपाट अडकलंय, हे काकूंना नंतर कळलं. तेव्हा त्यांना फक्त एवढं दिसत होतं, की नवरा चाललाय, आणि तो गेला की सगळी डोकी पुढच्या बाजूला पळणार.

त्यांनी काकांची बाही धरली.

"जाताय कुठे?" आवाज फाटला होता, पण त्या ओरडत राहिल्या. "बोला ना अजून! सांगा सगळ्यांना, रात्री मी कशी रडते ते सांगा. त्याच्या वाढदिवसाला मी त्याच्या मापाचा शर्ट शिवते आणि पेटीत टाकते ते सांगा! माप बदललं असेल हेसुद्धा मला माहीत नाही, ते सांगा!"

"अगं, बस," काका म्हणाले. आता आवाज वेगळाच होता. "बस कर."

"नाही बसणार! बोला!"

पुढच्या बाजूने हॉर्न वाजला. एकदा, लांबलचक.

काकूंनी बाही सोडली. दोघंही तिथेच, टाकीच्या कट्ट्यावर बसली. खिडक्या एकेक करून बंद झाल्या, आणि त्या बिल्डिंगच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणी खिडकी बंद करताना आवाज होऊ दिला नाही.

राजेसाहेब गेले ते कुणीच पाहिलं नाही. दुपारी जेव्हा लोकांच्या लक्षात आलं की तिसऱ्या मजल्याला कुलूप आहे, तेव्हा कुणाला त्यात रसही उरला नव्हता. बिल्डिंगला पुढे कितीतरी दिवस पुरेल असा विषय तळमजल्यावर मिळाला होता. काकू मशीनवर बसल्या की जिन्यावरून जाणाऱ्यांची कुजबूज थांबायची. आपण बोलायला लागलो की लोक थांबतात ही सवय त्यांना होती, आपण दिसलो की लोक थांबतात ही नव्हती. दोन आठवडे त्यांनी कुणाची बातमी कुणाला दिली नाही. तिसऱ्या आठवड्यात दिली, पण दुसऱ्या मजल्याच्या दिव्याबद्दलच. आणि बँकवालीने सरळच विचारलं, तेव्हा "हो, खरं आहे ते" म्हणाल्या आणि पुन्हा पायडलवर पाय ठेवला.

राजेसाहेबांचा फोन आला. पलीकडून आवाज नेहमीसारखाच, पडदा सरकल्यासारखा.

"बाई, कपाट अडकल्यामुळे सगळं ऐकायला मिळालं. पहिला अंक सामान्य. शर्ट हा काही भांडणाचा विषय नाही. पण ड्रायव्हरसाहेबांनी संहिता सोडली आणि मग..." ते थांबले. मागून प्रॉम्प्टरने काहीतरी कुजबुजल्यासारखं ऐकू आलं. "हो, हो. बाई, मला शब्द सापडत नाहीत. त्यालाही सापडत नाहीयेत."

"बदकं टिकताहेत का?" काकूंनी विचारलं.

"उत्तम पोहतात," राजेसाहेब म्हणाले.

गॉगलचं काय झालं, तर घर 'तुमचंच समजा' असं सांगितलेली दोन्ही गिऱ्हाइकं त्याच्याकडे एकाच दिवशी पोचली. हल्ली तो दुसऱ्या भागात काम करतो म्हणे.

आणि एका रविवारी तळमजल्यावर फोन वाजला. काकूंनी उचलला, आणि पलीकडचा आवाज ऐकून टेप त्यांच्या गळ्यातून खाली घसरली. मुलगा होता. कुठून कुठून फिरत त्याच्यापर्यंत काय काय पोचलं होतं देव जाणे. आईची विचारपूस त्याने केली नाही. एवढंच म्हणाला, "बाबांना तो त्रास आहे असं ऐकलं. खरं आहे का? डॉक्टरला दाखवलं?"

काकूंनी फोन काकांच्या हातात दिला. काकांनी ऐकून घेतलं. बायकोकडे पाहिलं. पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"हो रे," ते म्हणाले, "आहे थोडा. वय झालं आता. नाही, नाही, घाबरायचं कारण नाही. पण तू विचारत जा अधूनमधून." मग त्यांनी तो व्यायामवाल्याने शिकवलेला व्यायाम मुलाला नीट समजावून सांगितला, स्नायूंच्या नावांसकट, त्यानंतर मुलाच्या गाडीचे टायर कधी बदलले ते विचारलं, आणि ते कुठून कुठे कधी फिरवून घालायचे ते सांगायला लागले. जन्मात इतकं बोलले नव्हते.

काकूंनी मशीनला हात लावला नाही, आवाज नको म्हणून, आणि स्टूल जरा जवळ ओढून ऐकत बसल्या.